चार घड्यांची दोरी

हत्यार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहते. तिच्यावर पोवाडे झाले, तिला संग्रहालयात काचेची पेटी मिळाली. ज्या वाड्याच्या भिंतीवर ती तलवार टांगली होती त्या वाड्याच्या तुळया, खांब आणि चौकटी कापणाऱ्या करवतीला मात्र कोणी काचेच्या पेटीत ठेवले नाही. त्यातही कारखान्यात तयार झालेल्या करवतीवर निदान कंपनीचा शिक्का असतो आणि त्यावरून तिचे वय सांगता येते. पण त्या करवतीला धार लावण्यासाठी कुणा मेस्त्रीने घरीच केलेला लाकडी चिमटा, दात वाकवण्याची खाचेची पट्टी, ओंडका मोजण्याची दोरी, या वस्तूंवर ना नाव असते ना साल. करणारा गेला की त्या निनावी होतात, आणि पुढची पिढी त्यांना अडगळ म्हणते.

या लेखात अशाच निनावी वस्तूंविषयी लिहायचे आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात माझ्या काकांची लहानशी सॉ मिल होती. एक बँडसॉ, एक गोल पात्याची करवत, पुढे फळ्यांची वखार, एवढाच तिचा पसारा. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. यंत्राविषयी मला फारसे प्रेम कधी वाटले नाही. यंत्राभोवती माणसांनी जी लहानसहान साधने रचली होती त्यांच्याविषयी वाटले. हे प्रेम म्हणजे केवळ जुन्याची हळहळ आहे की त्यात काही इतिहास आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. आपली ‘करवत’ आली संस्कृत ‘करपत्र’ या शब्दावरून. कानडीत करवतीला ‘गरगस’ म्हणतात, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘क्रकच’ या शब्दात सांगितले जाते. म्हणजे एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा सीमेवरच्या एका सॉ मिलमध्ये पुन्हा एकत्र आल्या. काकांच्या मिलमध्ये आलेल्या ओंडक्याला कोणी ओंडका म्हणे, कोणी दिम्मी. आमचा ऐन तो मेस्त्रींचा मत्ती, आमचा बिबला तो होन्ने, आमचा नाणा तो नंदी, आमची शिसव ती बीटे. झाड तेच, लाकूड तेच, आणि भावाबद्दलची घासाघीसही दोन्ही भाषांत सारखीच. ‘सुतार’ हा शब्दही असाच अर्थपूर्ण आहे. तो आला ‘सूत्रधार’ या शब्दावरून, आणि सूत्र म्हणजे दोरी. सुताराची ओळख त्याच्या करवतीवरून झाली नाही, हातातल्या सुतावरून झाली. कापण्याआधी मोजावे लागते, हे भाषेला किती जुन्या काळापासून ठाऊक होते ते यावरून कळते.

आपल्याकडे लाकूड तोडण्याविषयी पूर्वीही विचार झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड कसे आणावे याच्या सूचना आहेत. आंबा, फणस यांसारखी रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा त्या सूचनांचा आशय आहे. पुढे इंग्रजी अमलात जंगल हे सरकारी खाते झाले. 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. 1864 मध्ये डीट्रिच ब्रँडिस साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलांचे प्रमुख झाले, आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगल ही गोष्ट पक्की झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्या भागात रेल्वे आली. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 साली स्थापन झाली, आणि त्याच दशकात लोंढा, कॅसलरॉक मार्गे घाटाखाली मुरगावपर्यंत रूळ पोचले. रुळाखाली स्लीपर लागतात, आणि स्लीपरला लाकूड लागते. ज्या जंगलाने रेल्वेला वाट दिली त्यानेच तिला लाकूडही दिले.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम दोघा माणसांचे होते. जमिनीत खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा टाकायचा, किंवा उतारावर लाकडी घोडी उभी करून त्यावर चढवायचा. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खाली. करवतीचे दात खालच्या बाजूला वळलेले असत, त्यामुळे कापणारी ओढ खालच्याची. वरच्याचे काम करवत वर घेणे आणि रेघ सांभाळणे. खालच्याच्या डोळ्यांत, केसांत, घामेजल्या अंगावर दिवसभर भुसा पडत राही. करवत सोडली तर या धंद्यातले बहुतेक सामान घरचे होते. घोडी जंगलातल्याच लाकडाची, पाचरी तिथल्याच तुकड्यांच्या, रेघ मारायचे सूत घरातले आणि त्याला लावायचा रंग म्हणजे काव किंवा कोळशाची पूड. आमच्या काळात त्यात एक भर पडली होती. टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड पाण्यात कालवायची आणि त्यात सूत बुडवायचे. दोन टोके दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत धरून सूत उचलायचे आणि सोडायचे. लाकडावर काळी सरळ रेघ उठे. ‘सुतासारखा सरळ’ हे आपण माणसाविषयी म्हणतो, त्याचे मूळ या रेघेत आहे.

यंत्राची करवत तशी फार जुनी. आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलिस येथे तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीवर चालणारी करवत कोरलेली आढळली आहे. हॉलंडमध्ये 1593 साली कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याला पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर याने गोल पात्याच्या करवतीचे पेटंट 1777 साली घेतले, आणि अखंड पट्ट्याच्या करवतीची कल्पना विल्यम न्यूबेरी याने 1808 साली नोंदवली. पट्ट्याचा सांधा टिकेना म्हणून ती कल्पना चाळीसएक वर्षे तशीच पडून होती. 1846 मध्ये क्रेपँ या फ्रेंच बाईंनी पट्टा जोडण्याची रीत काढली, तेव्हा कुठे बँडसॉ खऱ्या अर्थाने चालू लागला. या यंत्रांचे स्वागत सगळीकडे हार घालून झाले असेही नाही. 1768 साली लंडनच्या लाइमहाउस भागातली पवनचक्कीची सॉ मिल तिथल्या करवत्यांच्या जमावाने मोडून टाकली. पोटावर पाय येतो तेव्हा माणूस हत्यारावर राग काढतो.

आपल्याकडे अशी मोडतोड झाल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे संशय होता, आणि त्याचे एक उदाहरण बेळगावचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आपला व्यवसाय सुरू केला. पुढे ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. या गोष्टीला आपण हसतो. पण शेतकऱ्याचा लाकडी नांगर त्याच्या गावच्या सुताराने त्याच्या बैलांच्या बेताने केलेला होता. तो मोडला तर दुपारपर्यंत दुरुस्त होत असे. नवा नांगर अधिक चांगला होता हे पुढे सिद्ध झालेच, आणि त्याच नावाची डिझेल इंजिने 1946 नंतर खेडोपाडीच्या गिरण्यांत धडधडू लागली. तरीही शेतकऱ्याच्या संशयात एक रास्त प्रश्न होता: हे मोडले तर कोण नीट करणार?

लहान सॉ मिलमधली घरगुती साधने या प्रश्नाचे उत्तर होती, असे मला वाटते. यंत्र बाहेरून येई, पण ते आमच्या लाकडाला आणि आमच्या माणसांना जुळवून घेण्याचे काम घरच्या वस्तू करत.

आता चार घड्यांच्या दोरीचेच पाहा. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्या दोरीच्या चार सारख्या घड्या करायच्या आणि एका घडीची लांबी फुटपट्टीवर मोजायची. तिला तिनेच गुणायचे आणि मग ओंडक्याच्या लांबीने गुणायचे, की घनफूट निघाले. इंग्लंडात एडवर्ड हॉपस याने 1736 साली या रीतीची कोष्टके छापली होती. आपल्याकडे ती इंग्रजांबरोबर आली आणि वखारीत रुळली. शाळेत वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकल्यावर मी हिशेब करून पाहिला. 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका दोरीच्या हिशेबाने 10 घनफूट भरतो. भूमितीच्या हिशेबाने तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास जातो. दोरी शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तरच मोजते! मी मोठ्या आवेशाने हे काकांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘उरलेलं सालीत आणि भुशात जातं बाळ. दोरी फळ्या मोजते, झाड मोजत नाही.’’

गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढताना चार बाजूंच्या सालपटांची आणि भुशाची तूट आधीच धरणारे हे गणित होते, आणि त्यासाठी लागे फक्त हातभर-दोनहात दोरी. तीही जुनी हवी. नवी दोरी ताणली जाते, ओंडक्यावरून काढली की आखडते आणि घेर कमी दाखवते. म्हणून लाकूड घेणारा कोरी दोरी घेऊन आला की विकणारा सावध होई. काकांची दोरी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. तिच्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास होता, आणि बाजारात तिची किंमत चार आणेही आली नसती.

दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याचा नमुना. बँडसॉच्या पट्ट्याचे दात कानशीने घासताना त्यांचा आकार बिघडू नये म्हणून मेस्त्रींनी तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून एका दाताचा नेमका आकार कापून ठेवला होता. दोन फळ्या बोल्टने आवळून केलेल्या लाकडी चिमट्यात पट्टा धरायचा, एकेक दात घासायचा आणि पत्रा लावून पाहायचा. तिसरी, खाचेची पट्टी. करवतीचे दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवावे लागतात. तसे केले तरच काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद होतो आणि पाते अडकत नाही. हे वाकवणे किती, याचे एकच उत्तर नाही. ओल्या, तंतुमय लाकडाला जास्त लागते, वाळल्या कठीण लाकडाला कमी. सागवानात वाळूसारखे कण असतात, त्याने धार लवकर जाते. ताज्या फणसाचा चीक पट्ट्याला धरतो, त्यासाठी काठीला रॉकेलची चिंधी बांधून ठेवलेली असे. जुन्या कानशीच्या पोलादाला खाचा पाडून मेस्त्रींनी अशा तीन पट्ट्या केल्या होत्या. कोणती कोणत्या लाकडाला, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

हा केवळ नजाकतीचा भाग नव्हता, त्यात पैसा होता. गोल पात्याची करवत पाव इंचाच्या आसपास लाकडाचा भुसा करते. म्हणजे इंची फळ्या काढताना दर चार कापांमागे एक फळी हवेत उडाली. बँडसॉचा काप दोन-तीन मिलिमीटरचा, पण तो दातांना नीट वळण दिलेले असेल तरच. वाकडे दात पट्ट्याला नागमोडी चालवतात आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. डब्याच्या पत्र्याचा तो तुकडा वर्षाकाठी किती सागवान वाचवत असेल याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पाचरीविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठीत ‘पाचर मारणे’ म्हणजे कुणाच्या कामात खोडा घालणे. सॉ मिलमध्ये पाचर नेमके उलटे काम करते. काही लाकडांच्या पोटात ताण असतो. करवत पुढे गेली की मागचा काप मिटू लागतो आणि पाते चिमटीत सापडते. अशा वेळी कापात मागून पाचर ठोकतात, वाट उघडी राहते. तसेच पट्ट्याच्या सांध्याचे. पट्टा तुटला की दोन टोके तासून एकमेकांवर बसवायची, मध्ये पितळ आणि टाकणखार घालायचा आणि लालबुंद तापवलेल्या सांडशीने दाबून धरायचे. ती जाड जबड्याची सांडशी गावच्या लोहाराने मेस्त्रींच्या सांगण्यावरून घडवली होती. क्रेपँ बाईंनी पॅरिसला जो प्रश्न सोडवला तो आमच्या गावात दर पंधरा दिवसांनी नव्याने सोडवला जात असे.

मी एकदा मेस्त्रींना विचारले होते, ‘‘मेस्त्री, दात वाकवायचं हत्यार विकत मिळत नाही?’’ ते कानडी मुलुखातले, पण मराठी आमच्यासारखेच बोलत. म्हणाले, ‘‘मिळतंय की. पण ते दुसऱ्याच्या हाताचं असतंय.’’ या उत्तरात मला आजवर काही वाढवता आलेले नाही. खंडेनवमीला, त्यांच्या भाषेत आयुधपूजेला, मिलमध्ये पूजा होई. मोटारीला हार, बँडसॉला मोठा हार. पण पाटावर कुंकू लावून मांडलेल्या असत त्या या लहान वस्तू: दोरी, पत्रा, तीन पट्ट्या, सांडशी, पाचरी. यंत्राची पूजा मालक करी, पाटावरच्या वस्तूंची मेस्त्री. ही विभागणी कोणी ठरवली नव्हती.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हे सारे गोड गोड झाले. तसे होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरी केलेल्या सगळ्याच वस्तूंवर प्रेम करावे अशी स्थिती नव्हती. गोल करवतीच्या पात्यावर झाकण नसे. तिच्यापुढे लाकूड ढकलायला एक खाच पाडलेली काठी असे, आणि ती काठी म्हणजे कामगाराच्या बोटांचा विमा. घाईत ती बाजूला राहिली की काय होई, हे लाकडाच्या धंद्यातली थोटी बोटे मोजली म्हणजे कळते. काठी कामगाराने केली, झाकण बसवणे मालकांचे काम होते, आणि ते बहुतेक ठिकाणी झाले नाही. गरिबाच्या कल्पकतेचे कौतुक करताना ती कल्पकता त्याच्यावर का लादली गेली, हेही विचारले पाहिजे.

आणि जंगलाचे काय? हाताच्या करवतीला एक स्वाभाविक मर्यादा होती. दोन माणसे दिवसभरात कापून किती कापणार? इंजिन आले आणि ती मर्यादा गेली. ज्या पत्र्याने भुसा वाचवला त्यानेच कापण्याचा वेगही राखला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयी देशभर लागू होणारा आदेश दिला आणि जंगलांतल्या विनापरवाना सॉ मिल बंद करण्यास सांगितले. ऑक्टोबर 2002 मध्ये नव्या सॉ मिल काढण्यास केंद्रीय अधिकार समितीच्या पूर्वपरवानगीची अट आली. 2016 मध्ये केंद्र सरकारने लाकूडउद्योगांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून राज्यस्तरीय समित्यांकडे हे काम दिले. पश्चिम घाटाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला या बंधनांची गरज पटवून द्यावी लागत नाही. म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्या आमच्याच तालुक्यातल्या रानातून निघतात.

काकांची मिल मात्र कायद्याने बंद पडली नाही. परवाना होता, गिऱ्हाईकही होते. मेस्त्री वारले, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्या तीन पट्ट्यांतली कोणती कशासाठी ते उमजेना. तो कामात वाईट नव्हता, पण सांगणारा कोणी उरला नव्हता. फळ्या वाकड्या निघू लागल्या, पट्टे वारंवार तुटू लागले, गिऱ्हाईक प्लायवुडकडे वळले, आणि दोन वर्षांत काकांनी यंत्र विकले. यंत्राला बऱ्यापैकी पैसे आले. पाटावरच्या वस्तू मोडीवाल्याने वजनावर नेल्या. त्यांचे वजन चार किलोसुद्धा भरले नसेल.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. घरगुती हत्यार ही माणसाने वस्तूत लिहून ठेवलेली टिपण असते. कोणते लाकूड, किती ओले, कुणाचा हात, किती ताकद, हे सारे त्यात असते. अडचण एवढीच, की ही टिपण वाचणारा माणूस जवळ नसेल तर ती निव्वळ लोखंडाचा तुकडा होते. म्हणून या वस्तूंवरचे प्रेम पुरेसे नाही, त्यांचे वाचन झाले पाहिजे. आपल्या सीमाभागात तर ते दोन भाषांत झाले पाहिजे. कारण खाचेच्या पट्टीला मेस्त्री एक नाव देत, काका दुसरे, आणि तिचा खरा उपयोग त्या दोन नावांच्या मधल्या बोलण्यात होता. सीमेविषयी आपण सभांतून, निवेदनांतून पुष्कळ बोलतो. चंदगड तालुका 1956 मध्ये बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात गेला आणि खानापूर कर्नाटकात आला, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण सीमेच्या दोन्ही अंगांना एकच करवत दोन नावांनी चालत होती, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी सुतारकीची, वखारीची, लोहारकीची एखादी पेटी माळ्यावर असेल. दिवाळीची झाडलोट करताना ती खाली येईल आणि मोडीवाला दारात उभाच असेल. त्याला लोखंड द्यायला हरकत नाही, घरात जागा किती असते हे मलाही कळते. पण त्याआधी एक वही घ्या. वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा, लांबी-रुंदी लिहा. ती कोणी केली, कशापासून केली, कोणत्या कामाला वापरली, आणि तिला मराठीत काय म्हणत, कानडीत किंवा कोकणीत काय म्हणत, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून खाली टिपून ठेवा. चार ओळी पुरेत. आणि पेटीत वापरून गुळगुळीत झालेली एखादी जुनी दोरी सापडली, तर तिच्या चार घड्या करून पाहा.